नॉइज फिल्टरनं काय काढलं, ते दाखवा

नमस्कार. आज मला फोटोतला नॉइज, म्हणजे नको असलेले दाणे, काढणाऱ्या पाच फिल्टरांची तुलना करायला सांगितलं आहे: मीडियन, बायलॅटरल, नॉन-लोकल मीन्स, बीएम३डी आणि शेवटी न्यूरल नेटवर्कवाले. करणार आहे. पण त्याआधी माझी एक जुनी कुरकुर ऐकून घ्या, म्हणजे पाचांनाही कोणत्या मापानं मोजायचं ते ठरेल. आयोजक घड्याळाकडे बघतायत ते मला दिसतंय. तुम्ही तिकडे बघू नका.

आयएसओ, म्हणजे कमी उजेडातला फोटो उजळ करण्याचा कॅमेऱ्यातला आकडा, ६४०० च्या वर नेऊन काढलेले रवाळ फोटो ज्यांच्याकडे एकही नाही, त्यांनी हात वर करा. कुणीच नाही. म्हणजे मी बरोबर खोलीत आलोय.

दाणे येतात कुठून हे तुम्हाला माहीत आहे, तरी एकदा म्हणून टाकतो. प्रकाश फोटॉनच्या रूपात एकेक करून येतो आणि त्याच्या येण्यातच अनियमितपणा असतो. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडायला हवे असतील, तर प्रत्यक्षात साधारण ९० ते ११० पडतात. चढउतार वर्गमूळाइतका, म्हणजे १०, म्हणजे १० टक्के. सरासरी १०,००० असेल तर चढउतार १००, म्हणजे जेमतेम १ टक्का. यात कॅमेऱ्याचा काही गुन्हा नाही, नॉइज प्रकाशातच आहे. आयएसओ वाढवला म्हणून सेन्सर जास्त फोटॉन पकडू लागत नाही, पकडलेले तेवढेच मोठे करून दाखवतो. त्यात सर्किटचा स्वतःचा रीड नॉइज मिसळतो आणि शटर बराच वेळ उघडं राहिलं तर हॉट पिक्सेल, म्हणजे प्रकाश नसतानाही पेटलेले ठिपके, चमकू लागतात. ‘माझ्या कॅमेऱ्याला फार नॉइज येतो’ अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, उजेड किती होता? पुष्कळदा तक्रार तिथेच मिटते. माणूस रुसतो, ते वेगळं.

आता कुरकुर. फिल्टरांची परीक्षा घेण्याची जी रूढ पद्धत आहे ना, तिच्यावर माझा राग आहे. एक स्वच्छ फोटो घ्यायचा. त्यावर कॉम्प्युटरनंच गाउसियन नॉइज, म्हणजे ठरावीक गणिती सूत्रानं बनवलेले दाणे, शिंपडायचा. मग आपल्याच फिल्टरनं तो काढायचा, मूळ फोटोशी ताडून पाहायचा आणि पीएसएनआरचा, म्हणजे मूळ फोटोशी किती जुळलं त्याचा, आकडा तक्त्यात मांडायचा. चोरी आपणच करायची, तपासही आपणच करायचा आणि बक्षीसही आपणच घ्यायचं!

बरं, फोटो तरी कोणता? कित्येक दशकं सगळ्या जगात मुख्यतः एकच: लेना नावाच्या मॉडेलचा. नोव्हेंबर १९७२ च्या ‘प्लेबॉय’मधलं पान, १९७३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात स्कॅन झालेलं, ५१२ बाय ५१२ पिक्सेल. खांद्यापर्यंतची चौकट, डोक्यावर टोपी, टोपीवर पिसं. ती पिसं कशी राहतात यावर माणसांनी आयुष्यं घालवली. मूळ चित्र छापील पानावरून आलेलं, त्यामुळे ‘स्वच्छ’ म्हणून जे धरलं त्यातही छपाईचे आणि स्कॅनरचे दोष होतेच. शेवटी आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या अभियंत्यांच्या संस्थेनं ते चित्र असलेले शोधनिबंध घेणं बंद केलं, १ एप्रिल २०२४ पासून. तारीख १ एप्रिल असली तरी निर्णय खरा होता. कारण अर्थात वेगळं होतं आणि योग्य होतं: स्वतः लेना यांनीच हे आता थांबवा असं म्हटलं होतं. पण माझ्यासारख्याला त्यात आणखी एक समाधान मिळालं.

शिंपडलेल्या नॉइजची खरी भानगड अशी, की तो फार सज्जन असतो. सगळीकडे सारखा. उजेडात तेवढाच, सावलीत तेवढाच. एका पिक्सेलवरच्या दाण्याचा शेजारच्या पिक्सेलशी काही संबंध नाही. खरा नॉइज असा वागत नाही. ब्राइस बायर यांनी कोडॅकमध्ये असताना ज्या रंगजाळीचं १९७६ मध्ये पेटंट घेतलं, ती आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे: निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. म्हणजे प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांकडून अंदाजानं भरतो. शेजाऱ्याची चूकही त्याबरोबर उसनी येते. सुटा दाणा होता, त्याचा डाग होतो. त्यावर गॅमा, म्हणजे उजेड-अंधाराची फेरजुळणी, त्यावर कॅमेऱ्यातलं शार्पनिंग, त्यावर जेपेगचे ८ बाय ८ चे चौकोन. फोटो तुमच्या हातात येईपर्यंत दाणा कित्येक पिक्सेल रुंद, जांभळट-हिरवट, कडा असलेला असा काहीतरी झालेला असतो. सुट्या दाण्यांवर वाढलेला फिल्टर त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, हा तर तपशील आहे, जपून ठेवा!

हे नुसतं माझं रडगाणं नाही. जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी २०१७ मध्ये खऱ्या कॅमेऱ्यांनी ५० दृश्यं टिपली, प्रत्येक दृश्य एकदा कमी आयएसओवर आणि एकदा जास्त आयएसओवर, आणि त्यावर फिल्टर चालवून पाहिले. शिंपडलेल्या नॉइजवर बीएम३डीला हरवणाऱ्या कित्येक नव्या पद्धती खऱ्या फोटोंवर त्याच जुन्या बीएम३डीच्या मागे पडल्या. हा निकाल वाचला त्या दिवशी मी फार आनंदात होतो. घरातल्यांना कारण सांगून उपयोग नव्हता.

दुसरा राग फिल्टरांच्या जाहिरातीत फोटोवरून सरकवतात त्या रेघेवर. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांनी आपल्या आजोबांचा जुना डिजिटल फोटो असाच फिल्टर लावून पाठवला. मंद दिव्यात काढलेला, आजोबा खुर्चीत बसलेले, अंगात जाड विणीचा स्वेटर. ‘बघा किती साफ झाला!’ आणि भिंत खरंच साफ होती, खुर्चीचा हात साफ होता. आजोबांच्या गालावरचे पांढरे खुंट मात्र दिसेनात. फिल्टरनं त्यांची दाढी फुकटात करून दिली होती.

मी मूळ फोटोतून साफ केलेला फोटो वजा केला. फोटो-सॉफ्टवेअरमध्ये सोपं काम आहे: एकावर एक दोन लेयर, ब्लेंड मोड डिफरन्स, मग लेव्हल्स ओढून ते चार-पाचपट उजळायचं. पडद्यावर काय यावं? स्वेटरची वीण, टाका न् टाका. भुवया. कपाळावरच्या आठ्या. मागच्या घड्याळाच्या तबकडीवरचे बारीक आकडे. डोळ्यांभोवतीचं जाळं इतकं स्पष्ट, की चेहरा ओळखू यावा. नॉइज म्हणून त्यानं आजोबाच काढून टाकले होते! जे उरलं होतं ते आजोबांच्या आकाराचं कुणीतरी गुळगुळीत.

गृहस्थांना ते चित्र पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, ‘हाही फिल्टर छान आहे, कुठे मिळेल?’

तर हे माझं मत, आणि गेली कित्येक वर्षं मी ते भेटेल त्याला ऐकवतो: झाडलेल्या खोलीकडे बघून झाडणाऱ्याला शाबासकी देऊ नका, केराची सुपली बघा. कानातलं गेलं असेल तर तिथेच सापडेल. युक्ती माझी नाही. बुआदेस, कोल आणि मोरेल या तिघा संशोधकांनी २००५ मध्ये ती नीट मांडली: फिल्टरनं काढलेला भाग निव्वळ नॉइजसारखा दिसला पाहिजे. त्यात चित्र दिसलं की फिल्टरनं चित्र खाल्लं.

डोळ्यांना हे आपोआप का कळत नाही? कारण आपण कडा बघतो. कड धारदार असली की फोटो धारदार वाटतो आणि आजचे फिल्टर कडांना हात लावत नाहीत. नुसते डोळेच फसतात असंही नाही. प्रयोगशाळेत धार मोजायला आयएसओ १२२३३ या मानकाची (कॅमेऱ्यातला आयएसओ नव्हे) तिरकी कड वापरतात. त्या कडेवर आक्रमक फिल्टरही पूर्ण गुण घेतो, आणि तोच फिल्टर गवत, केस, कापड पुसून टाकतो. म्हणून नंतर ‘डेड लीव्ज’ नावाचा तक्ता आला, लहानमोठी वर्तुळं एकमेकांवर कशीही पडलेली. त्यात लांबलचक कड नाही, जिकडेतिकडे बारीक पोतच. तिथे लबाडी लपवणं अवघड जातं.

किती मिनिटं उरली? दहा? सात. बरं. मग पाचही फिल्टर आता धावतच घेतो.

मीडियन. आजूबाजूचे पिक्सेल लहानमोठे लावायचे आणि मधला उचलायचा. एकांडे हॉट पिक्सेल काढायला याच्यासारखा दुसरा नाही. बाकी कामाला नको. वजाबाकीत बारीक रेघा आणि कोपरे आलेले दिसतील: तारा, पापण्या, अक्षरांची टोकं.

बायलॅटरल, तोमासी आणि मांडुची, १९९८. जवळ असलेले आणि रंगानंही जवळचे असलेले पिक्सेल तेवढेच सरासरीत घ्यायचे. म्हणून कडा वाचतात आणि फिक्या छटेतला पोत मरतो. आजोबांच्या फोटोतल्या खुणा याच जातीच्या होत्या.

नॉन-लोकल मीन्स, वरच्याच तिघांचा, तोही २००५ चा. यात शेजारी बघतच नाहीत. चित्रात लांबवर कुठेही सारखा दिसणारा तुकडा शोधतात आणि त्यांची सरासरी करतात. विटांची भिंत, विणलेलं कापड, जे पुन्हापुन्हा येतं ते उत्तम राहतं. पण गालावरचा एकुलता एक व्रण असेल तर त्याला जोडीदार सापडत नाही. मग त्याच्याभोवती दाणे तसेच राहतात, नाहीतर जोर वाढवला की व्रणच जातो.

बीएम३डी, २००७, फिनलंडमधल्या टाम्पेरे इथला. सारख्या तुकड्यांची चळत रचायची, त्या चळतीचं एकत्र रूपांतर करायचं, बारीकसारीक आकडे शून्य करायचे आणि परत यायचं. वजाबाकी सहसा फार स्वच्छ येते. अट एकच: नॉइज किती आहे ते त्याला आधी सांगावं लागतं. कमी सांगितलं तर दाणे राहतात, जास्त सांगितलं तर पोत जातो. आणि खरा नॉइज उजेडाप्रमाणे बदलतो म्हणून आधी अँसकोम रूपांतर करून तो सपाट करून घ्यावा. हे रूपांतर १९४८ सालचं, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचं.

न्यूरलवाले. इथे जरा थांबतो, पाच मिनिटं म्हणालात ना? हे नुसतं काढत नाहीत, भरतातही. लांबची पाटी वाचता येत नसेल तर तिथे अक्षरासारखं काहीतरी आणून ठेवतात. २०१३ मध्ये झेरॉक्सच्या काही यंत्रांमधून निघालेल्या प्रतींत ६ चे ८ झालेले आढळले होते. तो कॉम्प्रेशनचा मामला होता, नॉइज फिल्टरचा नाही, पण जात तीच: धूसर दिसलं असतं तर आपण शंका घेतली असती, स्वच्छ आणि चुकीचं दिसलं म्हणून कुणी घेतली नाही. तेव्हा या पाचव्याची वजाबाकी एकटी पुरत नाही. सत्य काय होतं ते हाताशी पाहिजे.

ते मिळवायला ट्रायपॉड लावा. स्थिर दृश्य, एकच एक्स्पोजर, सगळं रॉमध्ये, म्हणजे सेन्सरनं मोजलेलं जसंच्या तसं. दृश्यात कापड, केसांचा ब्रश, बारीक छपाई, कोरी भिंत आणि एक अंधारा कोपरा असू द्या. १६ फ्रेमची सरासरी काढली की नॉइज चौथ्या हिश्शावर येतो, ६४ ची काढली की आठव्या. ती सरासरी म्हणजे तुमचं सत्य. त्यातली एकच फ्रेम फिल्टरला द्या आणि जे येईल ते सरासरीशी ताडा. हॉट पिक्सेल प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतात, ते सरासरीनं जाणार नाहीत. त्यासाठी लेन्सला टोपण लावून तेवढ्याच वेळाची डार्क फ्रेम घ्या आणि ती वजा करा.

दोन सूचना घाईत. काहीच न करणाऱ्या फिल्टरची वजाबाकी कोरी येते, म्हणून त्याला पहिला नंबर देऊ नका. आधी प्रत्येक फिल्टरचा जोर असा लावा, की कोऱ्या भिंतीवरचा चढउतार पाचांतही सारखाच राहील, आणि मगच कापडाच्या जागची वजाबाकी बघा. दुसरं, वजाबाकीत उजेड-सावलीचे मोठे पट्टे कमी-जास्त दाणेदार दिसले तर घाबरू नका, खरा नॉइज तसाच असतो. रेघा, वीण, अक्षरं दिसली तर मात्र घाबरा.

आणि वजाबाकीआधी शार्पनिंग बंद. काही सॉफ्टवेअर फोटो उघडतानाच लेन्सनं आणलेल्या वाकडेपणाची दुरुस्ती करतात आणि चित्र अर्धा पिक्सेल सरकतं. मग सगळ्या कडा वजाबाकीत उगवतात आणि बिचाऱ्या फिल्टरवर आळ येतो. म्हणून पहिली वजाबाकी फिल्टरचा जोर शून्यावर ठेवून करा. पूर्ण काळी आली तर पुढे जा. त्यातच कडा दिसल्या तर आधी लेन्सची दुरुस्ती दोन्हीकडे बंद करा. आता प्रश्न विचारा, पण जरा मोठ्यानं, माइक परत मागितला आहे.