धुऱ्यावरचे शिकारी

(दृश्य : रोवणी झालेल्या बांध्या, रिमझिम पाऊस)

गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका. धानाची रोवणी आटोपली आहे. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी साचलंय आणि दोन बांध्यांच्या मधल्या धुऱ्यावर शेवाळ चढलंय. येणारा-जाणारा इथून पाय जपून टाकतो. आपण इथंच बसणार आहोत, कोळी बघायला.

(दृश्य : रात्र, टॉर्चचा झोत)

टॉर्च कपाळाला, डोळ्यांच्या रेषेत धरायची. शेवाळात हिरवट ठिपके चमकू लागतात. हे लांडगा-कोळ्याचे डोळे. हा भक्ष्यासाठी जाळं विणत नाही, धावून झडप घालतो. ही मादी बघा, अंड्यांची पिशवी मागे चिकटवून हिंडतेय. पिल्लं निघाली की तिच्या पाठीवर बसून फिरतील.

शेवाळातल्या कोळ्यांचा एक जुना अभ्यास डेन्मार्कचा आहे, १९५१ साली छापलेला. तिथल्या स्फॅग्नम शेवाळाच्या दलदलीत दोन जाती एकाच जागी, पण वेगवेगळ्या थरांत राहताना आढळल्या. एक वर उन्हात, दुसरी खाली देठांच्या ओलाव्यात. आपल्याकडे तसली दलदल नाही. पण धुऱ्यावर कोण, कुठे आणि कधी हिंडतं, हे इथंही विचारता येतंच.

(दृश्य : सापळा पुरताना हात)

त्यासाठी हा प्लास्टिकचा ग्लास. काठ मातीशी अगदी समतल हवा. थोडा वर राहिला तरी कोळी वळसा घालून निघून जातो. आत मिठाचं पाणी आणि साबणाचा एक थेंब. थेंबामुळे पाण्याचा ताण मोडतो, पडलेला जीव तरंगत राहत नाही. पाऊस आत जाऊ नये म्हणून वर झाकण, काड्यांवर उचललेलं.

पण ग्लासात पडतो तो चालणारा कोळी. उबदार रात्री जास्त पडतात, मादीच्या शोधातले नर तर हमखास. म्हणजे हा आकडा हालचालीचा. वस्ती किती, हे कळायला लाकडी चौकट टाकून तेवढंच शेवाळ उचलायचं, पांढऱ्या ताटात झटकायचं आणि नळीने एकेक कोळी ओढून घ्यायचा. कंटाळवाणं काम आहे. पण करावं लागतं.

(दृश्य : धानाचं पान, जवळून)

बांधीतही डेन्मार्कसारखीच वर-खाली वाटणी. बुंध्याशी, पाण्यालगत लांडगा-कोळी. वर, पानाला समांतर पाय ताणून बसलेला हा लांब जबड्याचा कोळी. दिवसा काडीच वाटतो, रात्री जाळं विणतो. दोघंही धानाचा रस शोषणारे तुडतुडे खातात. तुडतुडे वाढायच्या आधी बारीक माश्या-चिलटांवर यांचं भागतं, म्हणून ते शेतात लवकर येऊन बसलेले असतात. धुरा जवळ असला की तिथून बांधीत यायची वाट छोटी.

सरसकट फवारलं की कोळी आधी मरतात आणि तुडतुडे पुन्हा उसळतात.

(दृश्य : सूक्ष्मदर्शक)

जात ठरते ती पूर्ण वाढलेल्या कोळ्यावरून. नर असेल तर तोंडाजवळच्या फुगीर अवयवावरून. पिल्लांची कुपी वेगळी. तिच्यावर फक्त कुळ, तारीख आणि जागा : धुरा, की बांधी.