गेटवरची यादी

श्रोतेहो, नमस्कार. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, बेतोड्याच्या कारखान्यांत या दिवसांत फलक लागतात, कवायती होतात. पण तारीख १४च का, ते आधी सांगतो.

१४ एप्रिल १९४४. मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. धक्क्याला 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज. त्यात सुमारे १४०० टन दारूगोळा आणि स्फोटकं, आणि त्याच जहाजात कापसाच्या ८७०० गाठी. शिवाय लाकूड आणि तेलाची पिंपं. दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या कप्प्यात आग असल्याचं लक्षात आलं. पंप लागले, पाणी सुटलं. ९०० टनांहून जास्त पाणी आत ओतलं, पण धूर इतका दाट की आग नेमकी कुठे धरली आहे तेच सापडेना. कापसाची दाबून बांधलेली गाठ आतून धुमसत राहते आणि पाणी वरूनच ओघळून जातं. जहाजात पाण्याला उकळी फुटली. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम निघाला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा. पार शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. हा सप्ताह त्यांच्या स्मरणाचा आहे.

दोन तास, श्रोतेहो. दोन तास पाणी मारूनही आगीचं मूळ सापडलं नाही.

म्हणून माझा आग्रह एका गोष्टीचा: मालाची यादी गेटवर ठेवा. थिनरची पिंपं किती आणि कुठल्या कोपऱ्यात, गॅसचे सिलिंडर कुठे, मेन स्विच कुठे, पाण्याची टाकी कुठे. बंब आला की वॉचमनने तो कागद जवानांच्या हातात द्यायचा. गोदामातच टांगलेली यादी गोदामाबरोबर जळते, म्हणून पुन्हा सांगतो, यादी गेटवर. माल बदलला की यादीही बदला. काजूच्या कारखान्यात टरफलांचा ढीगही लिहा. टरफलात तेल असतं. ढीग वरून विझलेला दिसतो, आत जळतच असतो.

चोरीच्या भीतीने मागच्या दाराला कुलूप घालणं मला मुळीच पटत नाही. आतून एका धक्क्यात उघडणारी आणि बाहेरून न उघडणारी कडी मिळते. ती बसवा. चोर बाहेर राहील, माणसं सुटतील.

आता आग विझवायचे सिलिंडर. कुठूनही १५ मीटरच्या आत एक हवा. कागद, लाकूड, थिनर यांना एबीसी पावडर, विजेच्या पॅनेलला कार्बन डायऑक्साइड. आधी १०१ लावा, मग पाठ दाराकडे ठेवून पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा, दांडा दाबा आणि झाडू मारल्यासारखी फिरवा. बुडाशी, ज्वाळेच्या शेंड्यावर नाही. सहा किलोची पावडर पंधरा-वीस सेकंदांत संपते. तेवढ्यात आग आवरली नाही तर बाहेर पडा.

आपल्या दमट हवेत पावडर आत गोळा होऊन बसते आणि मग दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात असूनही धड फवारा येत नाही. पावसाळ्याआधी सिलिंडर उचलून बुडाच्या कडेला गंज चढलाय का पाहा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो. तो वजन करूनच तपासायचा, आणि आतला वायू दहा टक्क्यांहून जास्त घटला असेल तर लगेच भरून घ्यायचा.