नाशिकचा चंद्रोदय लंडनला का चालत नाही

नमस्कार मंडळी!

संकष्टीचा उपवास चंद्रदर्शनानंतर सोडायचा, हे आपण जाणतोच. पण चंद्रोदय धरायचा तो आपण राहतो त्या गावचा. नवश्या गणपतीच्या दर्शनाला गेलेल्या नाशिककरांची वेळ साडेपाच तास मागे घेऊन लंडनला लावली, तर ती चुकते. कधी कधी तारीखही चुकते.

चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते. कृष्ण चतुर्थी म्हणजे २१६ ते २२८ अंशांचं अंतर. हे अंतर कुठल्याही गावाचं नाही, त्यामुळे चतुर्थी लागते आणि संपते ती जगभर एकाच क्षणी. चंद्रोदय मात्र गावागणिक बदलतो. नाशिक आणि नागपूर जवळपास एकाच अक्षांशावर, तरी नागपूरला चंद्र सुमारे २० मिनिटं आधी दिसतो.

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, असं शाळेत शिकवतात. त्यातला ‘सरासरी’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. नाशिक २० अंश उत्तरेला आहे. तिथे चंद्राचा मार्ग पूर्व क्षितिजावर वर्षभर बऱ्यापैकी उभा असतो, म्हणून उशीर साधारण ४० मिनिटं ते एक तास एवढाच राहतो. लंडन साडेएक्कावन्न अंशांवर. सप्टेंबरच्या पौर्णिमेनंतर तिथे हा मार्ग क्षितिजाला जेमतेम १५ अंशांचा कोन करतो. चंद्र आकाशात नेहमीएवढाच सरकतो, पण क्षितिजाखाली फारसा उतरत नाही आणि रोजचा उशीर वीसेक मिनिटांवर येतो. मार्च-एप्रिलमध्ये उलट घडतं आणि उशीर सव्वा तासापर्यंत जातो. म्हणून लंडनला भाद्रपदातली संकष्टी लवकर सुटते, आणि चैत्रातल्या संकष्टीला मध्यरात्र उलटू शकते.

आता तारीख कशी ठरवायची ते पाहू. पंचांगातून चतुर्थी लागण्याची आणि संपण्याची भारतीय वेळ घ्या. त्यातून हिवाळ्यात साडेपाच तास वजा करा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. मग आपल्या गावचा चंद्रोदय स्वतंत्र काढा आणि त्या क्षणी चतुर्थी आहे का, ते तपासा. समजा, उन्हाळ्यात सोमवारी रात्री पावणेदहाला भारतात चतुर्थी लागली. नाशिकला चंद्र सव्वानऊलाच उगवला, तेव्हा तृतीया होती; म्हणून तिथे संकष्टी मंगळवारी. लंडनमध्ये मात्र चतुर्थी सोमवारी संध्याकाळी सव्वापाचलाच लागली आणि चंद्र त्यानंतर उगवला. तिथली संकष्टी सोमवारीच. दोन्ही बरोबर आहेत; घरच्यांशी वाद घालायचं कारण नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ मध्यरात्रीनंतरच्या चंद्रोदयाचा होतो. मोबाइलमधल्या तक्त्यात तो पुढच्या तारखेखाली दिसतो, आणि एखाद्या तारखेला तर चंद्रोदय नाहीच असं लिहिलेलं असतं. यात तक्त्याची चूक नसते. पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. मंगळवारी पहाटे १२:४० ला उगवलेला चंद्र हा सोमवारच्या उपवासाचाच चंद्र.

तक्त्यातली वेळ मोकळ्या, सपाट क्षितिजाची असते हेही लक्षात घ्या. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. समोरची घरं तेवढी उंच असतील, तर नाशिकला चंद्र पाऊण तास उशिरा दिसेल. लंडनला तो तिरका चढतो, त्यामुळे एक तासाहून जास्त लागतो. म्हणून ‘वेळ झाली तरी चंद्र नाही’ अशी तक्रार लंडनमध्ये जास्त ऐकू येते.

दिशाही नाशिकसारखी धरू नका. तिथे चंद्रोदय पूर्वेपासून फार तर ३० अंश इकडेतिकडे होतो. चंद्राची उत्तर-दक्षिण झेप १८.६ वर्षांच्या चक्रात वाढते-घटते. ती २०२४-२५ च्या सुमारास सर्वांत मोठी होती. अशा काळात लंडनला चंद्रोदयाचं पूर्वेपासूनचं अंतर ४५ अंशांच्याही पुढे जातं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संकष्टीला ईशान्येकडची खिडकी गाठा, एप्रिल-मेमध्ये आग्नेयेकडची. त्या वसंतातल्या रात्री चंद्र इतका खाली राहतो की दोन मजली घरांच्या रांगेमागून तो बराच वेळ वर येत नाही. तेव्हा नैवेद्य आधी तयार ठेवा आणि अर्घ्यासाठी जवळचं उघडं मैदान निवडा. ढग असतील तर गणिताने आलेली वेळ धरून त्या दिशेला अर्घ्य द्यावं.