मिठाला रेणू नसतो

(दर्यापूर तालुक्यातील एका ग्रामवाचनालयात विज्ञान दिनी झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, पत्रिकेवर ‘मूलद्रव्ये एकत्र कशी येतात’ असा विषय छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात उभे राहून या विषयावर बोलायचे, तर आरंभ मिठापासूनच केला पाहिजे. उन्हाळ्यात विहिरीच्या पाटाकडेला काळ्या मातीवर जो पांढरा थर फुलतो, तो लहानपणी बोटावर घेऊन जिभेला लावला नाही, असे या सभेत कोणी नसावे.

मिठाविषयी माझ्या मनात एक जुनी सल आहे. मी नववीला विज्ञान शिकवीत असताना एका बाहेरच्या परीक्षेत माझ्या विद्यार्थिनीने लिहिले की, मिठाला रेणू नसतो. परीक्षकांनी त्यावर लाल फुली मारली आणि ‘सोडियमचा एक व क्लोरीनचा एक अणू मिळून मिठाचा रेणू होतो’ अशी दुरुस्ती समासात लिहिली. गुण एकच गेला. परंतु मुलगी बरोबर होती, आणि त्यानंतर तिने वर्गात हात वर करणे कमी केले, हे मला अजून लागते. ब्रॅग पितापुत्रांनी 1913 च्या सुमारास क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली, तेव्हा दिसले ते असे की, प्रत्येक सोडियम आयनाभोवती, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूभोवती, सहा क्लोराइड आयन असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. यातला कोणता क्लोराइड कोणत्या सोडियमच्या नावावर आहे, हे सांगणारा सातबारा कोणत्याही पटवाऱ्याकडे मिळणार नाही. आर्मस्ट्राँग या नामांकित रसायनशास्त्रज्ञालाही हे मानवले नाही. 1927 मध्ये त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून निषेध नोंदवला. म्हणून त्या परीक्षकांना एकट्याला दोष देता येत नाही.

दुसरी तक्रार ‘दान’ या शब्दाविषयी आहे. अष्टक, म्हणजे बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण करण्यासाठी सोडियम आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला दान करतो, असे आपण फळ्यावर लिहितो. प्रत्यक्षात वायुरूप सोडियमचा तो इलेक्ट्रॉन काढण्यास एका मोलमागे, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक प्रचंड संख्येमागे, 496 किलोज्यूल ऊर्जा मोजावी लागते, आणि क्लोरीन तो स्वीकारताना 349 किलोज्यूलच परत देतो. एवढ्यावर व्यवहार थांबला असता तर तो 147 किलोज्यूल तोट्याचाच ठरला असता. तो तोटा भरून निघतो तो पुढच्या पायरीत: धन आणि ऋण आयन परस्परांना ओढून स्फटिकात रचले जातात, तेव्हा सुमारे 787 किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. आयनिक बंध म्हणजे हे चहूबाजूंचे आकर्षण होय. इलेक्ट्रॉनची देवघेव ही त्याची केवळ पूर्वतयारी आहे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे रेणूंच्या संयुगांविषयी थोडक्यात सांगतो. कार्बनचे चारही संयुजा, म्हणजे बाहेरच्या कक्षेतले, इलेक्ट्रॉन काढून घेणे फार महाग पडते, म्हणून तो इलेक्ट्रॉनच्या जोड्या शेजाऱ्याबरोबर सामाईक ठेवतो. ही कल्पना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लुईस यांनी 1916 मध्ये मांडली. युरियाच्या एका रेणूत असे बांधलेले आठ अणू असतात. रेणूच्या आतले बंध बळकट असले तरी एका रेणूची दुसऱ्यावरची पकड सैल असते. म्हणूनच मघाशी दिव्यावर धरलेल्या दोन चमच्यांपैकी युरियाचा चमचा 133 अंशांच्या आसपास पाण्यासारखा पातळ झाला, आणि मिठाचे खडे नुसते तडतडले. त्यांना वितळायला 801 अंश लागतात. तीन सेल आणि बारीक एलईडी घेऊन घरी पाहा: मिठाच्या पाण्यात दिवा पेटतो, आपल्या विहिरीच्या पाण्यात मंद का होईना पेटतो, आणि बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलेल्या युरियात पेटत नाही, कारण तेथे रेणू अखंडच राहतात, आयन सुटत नाहीत. पाणी परीक्षणाच्या अहवालातला ‘ईसी’चा, म्हणजे विद्युतवाहकतेचा, आकडा हीच गोष्ट मोजतो.

पऱ्हाटीला युरिया दिल्यावर लगेच जोराचा पाऊस आला, तर तो मुळांच्या खाली वाहून जातो, कारण त्या रेणूवर विद्युतभार नसल्याने ऋणभारित चिकणमाती त्याला धरून ठेवू शकत नाही. पोटॅशचे तसे नाही. ते आयनिक असल्यामुळे विरघळताच त्यातला धनभारित पोटॅशियम मातीच्या कणांना चिकटतो. युरियाला मात्र थोडे दिवस मिळावे लागतात. मातीतल्या युरिएज विकरामुळे त्याचे अमोनियम आयन झाले की मगच आपली काळी माती त्याला धरून ठेवते.