हेडसेट म्हणजे जादाचा मॉनिटर नव्हे

[दृश्य: टेबलावर हेडसेट. केबल ग्राफिक्स कार्डात जाते.]

केबल जोडली, व्हीआरचा, म्हणजे आभासी जग दाखवणारा हेडसेट डोळ्यांवर चढवला आणि समोर आला तो डेस्कटॉपचा वॉलपेपर! अर्धा डाव्या डोळ्याला, अर्धा उजव्या. यंत्र बिघडलेलं नाही. लिनक्सनं हेडसेटला आणखी एक मॉनिटर समजून डेस्कटॉप त्यावर पसरलाय.

हेडसेटचा पडदा डेस्कटॉपकडे राहून चालत नाही, तो थेट व्हीआर रनटाइमच्या, म्हणजे हेडसेट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या ताब्यात जावा लागतो. हे हस्तांतर म्हणजे डीआरएम लीज (डीआरएम म्हणजे इथे लिनक्समधली पडदे सांभाळणारी यंत्रणा). लिनक्सचा गाभा असलेलं कर्नल ४.१५ आणि पडद्यावर खिडक्या दाखवणारा एक्स सर्व्हर १.२० यांच्यापासून ही सोय आहे. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडवर मात्र प्रत्येक डेस्कटॉपनं ती आपापल्या सवडीनं आणली: केडीईनं प्लाझ्मा ५.२४ मध्ये, ग्नोमनं थेट ४७ मध्ये, २०२४ साली. त्यामुळे बाकी काही उचकण्याआधी आपल्या डेस्कटॉपची आवृत्ती बघा.

चित्र आलं, पण मान हलवली तरी दृश्य हलत नाही? मग परवानगी तपासा. सेन्सरची माहिती यूएसबीवरून हिडरॉ फाइलीत (यंत्राची कच्ची माहिती देणाऱ्या) येते आणि ती एरवी फक्त रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याला वाचता येते. ती परवानगी देणारे यूडेव नियम (जोडलेल्या यंत्रांसाठीचे) स्टीम-डिव्हाइसेस पॅकेजात मिळतात. पॅकेज टाकल्यावर केबल काढून पुन्हा लावा.

[दृश्य: हेडसेटमधलं चित्र, जवळून. कडा थरथरतात.]

खरा कस इथे लागतो. ९० हर्ट्‌झला एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम ११.१ मिलिसेकंद येतात. फ्रेम चुकली की जग मानेमागून ओढल्यासारखं सरकतं आणि पोटात ढवळायला लागतं. स्टीमव्हीआर, म्हणजे स्टीम या गेमच्या दुकानाचं व्हीआर रनटाइम, सुरुवातीला पासवर्ड मागतं ते कंपोझिटरला, म्हणजे फ्रेम जुळवून हेडसेटला देणाऱ्या भागाला प्राधान्य मिळावं म्हणून. ती खिडकी बंद करू नका. फ्लॅटपॅकमधल्या (बंदिस्त पेटीत चालणाऱ्या पॅकेजातल्या) स्टीमला हे प्राधान्य देता येत नाही, म्हणून व्हीआरसाठी डिस्ट्रोच्या, म्हणजे आपल्या लिनक्सच्या, स्वतःच्या पॅकेज-भांडारातलं स्टीमच घ्यावं.

एएमडीच्या ग्राफिक्स कार्डाची एक वेगळीच खोड आहे. दोन फ्रेममध्ये जरा उसंत मिळाली की ते क्लॉक, म्हणजे आपला वेग उतरवतं. सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग्जच्या फाइलींत) परफॉर्मन्स लेव्हल आधी ‘मॅन्युअल’ करा, मग पॉवर प्रोफाइलच्या यादीतून ‘व्हीआर’ निवडा. रीबूटनंतर हे पुन्हा करावं लागतं.

मेटाच्या क्वेस्ट हेडसेटची अधिकृत पीसी जोडणी विंडोजपुरतीच आहे. लिनक्सवर त्याऐवजी वायव्हीआरएन किंवा एएलव्हीआर हे वायफायवरून चित्र पाठवणारे प्रोग्रॅम वापरतात. संगणक राउटरला केबलनंच जोडा, हेडसेट ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर ठेवा. वायव्हीआरएनच्या यादीत संगणक दिसत नसेल, तर नेटवर्कवर संगणकाची ओळख जाहीर करणारी अवाही सेवा चालू आहे का पाहा आणि फायरवॉलमध्ये ९७५७ पोर्ट टीसीपी, यूडीपी दोन्हींसाठी उघडा.