पडवीतला पट

[दृश्य: मे महिना, मालवण. खळ्यात सोलं वाळत घातलेली. पडवीत बुद्धिबळाचा लाकडी पट.]

दुपारचे तीन वाजलेत. माझ्या काकांनी काल रात्री हरलेला डाव पुन्हा मांडलाय. पटाशेजारी मोबाईल, त्यात स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे बुद्धिबळाच्या चाली शोधणारा प्रोग्रॅम. स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन आकडे हलतायत. इंजिन किती चाली खोल गेलं, हा एक. सेकंदाला पटावरच्या किती स्थिती तपासल्या, हा दुसरा. दहा मिनिटांपासून तो दुसरा आकडा घसरतोय.

"मगाशी बेगीन चलत होतो, आता कित्याक रेंगाळता?" काका विचारतात.

[दृश्य: मोबाईलच्या पाठीवर टेकवलेला तळहात.]

पाठ चांगलीच तापलीय. बहुतेक मोबाईलना पंखा नसतो. चिप एका मर्यादेपलीकडे तापली की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, आणि कोकणातल्या मे महिन्यात ती मर्यादा लवकर येते.

वेग उतरला की खेळ किती उतरतो? मला या प्रश्नानं कितीतरी वर्षं धरून ठेवलंय.

मधल्या डावात एका बाजूला साधारण 35 चाली उपलब्ध असतात. दोन्ही बाजूंच्या मिळून 4 चाली पुढचं पाहायचं, तर 15 लाखांवर स्थिती होतात. पाचव्या चालीला पुन्हा 35 पट. म्हणून प्रोसेसर दुप्पट वेगवान झाला तरी इंजिन दुप्पट खोल जात नाही. जेमतेम एखादी चाल पुढे सरकतं. जुना ठोकताळा असा, की वेग दुप्पट झाला की ताकद 50 ते 70 एलो गुणांनी वाढते; एलो म्हणजे बुद्धिबळातली ताकद मोजायचं माप. इंजिन आधीच खूप खोल जात असेल, तर त्याहून कमी.

[दृश्य: जुना पामटॉप, करड्या पडद्यावर बुद्धिबळाचा पट.]

1996 चा पायलट हा तळहातावर मावणारा संगणक 16 मेगाहर्ट्झवर चालायचा. 2008 च्या एचटीसी टच एचडी या मोबाईलमध्ये 528 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता. नुसते मेगाहर्ट्झ धरले तर वेग 5 वेळा दुप्पट झाला, म्हणजे ठोकताळ्यानं तीनशेएक गुण.

पण 2009 मध्ये ब्यूनोस आयर्सला जे घडलं, ते एवढ्यानं उलगडत नाही. त्याच टच एचडीवर पॉकेट फ्रिट्झ 4 या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमनं मर्कोसुर चषक स्पर्धेत 10 पैकी 9.5 गुण मिळवले. कामगिरीचं एलो मानांकन 2898! आणि ते सेकंदाला 20 हजार स्थितीसुद्धा पाहत नव्हतं. 1997 मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणारा आयबीएमचा संगणक डीप ब्लू सुमारे 20 कोटी पाहायचा.

10 हजार पटींची ही तूट भरून काढली ती मुख्यतः छाटणीनं. चाल वाईट आहे हे प्रतिस्पर्ध्याच्या एका उत्तरातच सिद्ध झालं, तर तिची बाकीची उत्तरं तपासायची नाहीत. ही अल्फा-बीटा पद्धत, ती डीप ब्लूकडेही होती. चांगल्या चाली आधी तपासल्या गेल्या, तर वरचे 15 लाख अडीच हजारांच्या आत येतात. पॉकेट फ्रिट्झमधलं हायार्क्स इंजिन याच्याही पुढचं होतं. कुठे बघायचंच नाही, हे त्याला फार चांगलं कळायचं.

[दृश्य: काका मोबाईल उचलून माजघरातल्या सारवलेल्या, गार जमिनीवर ठेवतात.]

पाचेक मिनिटांत आकडा पुन्हा चढू लागतो. मघापासून इंजिन घोडा हलवायला सांगत होतं. आणखी दोन चाली खोल गेल्यावर मत बदलतं: वजिराच्या बाजूचं प्यादं पुढे.

काका पटाकडे वळतात. काल रात्री त्यांनी त्या प्याद्यावर बोट ठेवलं होतं, आणि मागे घेतलं होतं.