रेप्लिकेसाठी वॉल किती राखायचा?

31 जानेवारी 2017. गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या मुख्य पोस्टग्रेस (डेटाबेस) सर्व्हरवर लोड वाढला आणि रेप्लिका, म्हणजे त्याची सतत ताजी होत राहणारी प्रत, मागे पडली. इतकी मागे, की तिला हव्या असलेल्या वॉल (डब्ल्यूएएल) फाइल, म्हणजे डेटामधल्या बदलांच्या नोंदी, मुख्य सर्व्हरने तोवर पुसूनही टाकल्या होत्या. वॉलचं आर्काइव्हिंग (या फाइल दुसरीकडे जपून ठेवणं) सुरू नव्हतं, त्यामुळे रेप्लिका नव्याने उभी करणं भाग पडलं. मॅक्स_वॉल_सेंडर्स (वॉल पाठवणाऱ्या प्रोसेसची, म्हणजे सेंडरची, कमाल संख्या) कमी असल्याने पीजी_बेसबॅकअप, म्हणजे डेटाची पूर्ण प्रत काढणारं टूल, आधी चाललंच नाही. मग चाललं, पण गप्प बसून राहिलं. या खटपटीत मुख्य सर्व्हरवरचीच डेटा डिरेक्टरी पुसली गेली. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला.

पीजी_बेसबॅकअप गप्प का बसतं? ते मुख्य सर्व्हरच्या चेकपॉइंटची (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याची) वाट पाहत असतं. त्याला चेकपॉइंट फास्ट हा पर्याय द्या, काम लगेच सुरू होतं. बेसबॅकअप वॉल स्ट्रीम करत असेल, तर ते एकटंच दोन सेंडर अडवतं. मॅक्स_वॉल_सेंडर्स ठरवताना रेप्लिका मोजून वर तेवढी जागा ठेवा. हे सेटिंग बदललं की रीस्टार्ट लागतो, म्हणून ते आधीच करून ठेवावं.

आता खरा प्रश्न: रेप्लिका बंद पडली, तर वॉल किती राखायचा? मुख्य सर्व्हरने किमान किती जुना वॉल राखायचा हे ठरवणारं वॉल_कीप_साइज मुळात शून्य असतं. गर्दीच्या वेळी तासाभराच्या अंतराने पीजी_करंट_वॉल_एलएसएन (वॉल कुठवर लिहिला गेला ते सांगणारं फंक्शन) दोनदा पाहा आणि फरक काढा. समजा 6 जीबी आला. चार तासांची मुभा हवी, तर 24 जीबी.

रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे रेप्लिका कुठवर पोचली याची मुख्य सर्व्हरवरची नोंद, याहून भरवशाचा: रेप्लिकेने उचलल्याशिवाय तो वॉल पुसूच देत नाही. पण रेप्लिका काढून टाकली आणि स्लॉट तसाच राहिला, तर वॉल साचत जातो, डिस्क भरते आणि मुख्य सर्व्हरच बंद पडतो. पोस्टग्रेसच्या आवृत्ती 13 पासून स्लॉटने राखायच्या वॉलवर मर्यादा घालणारं मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज आलं, पण त्याची मूळ किंमत उणे एक, म्हणजे मर्यादाच नाही. तिथेही 24 जीबी लिहा. मर्यादा ओलांडली तर स्लॉट बाद होईल, मुख्य सर्व्हर मात्र चालू राहील. आमच्या मते हीच निवड योग्य. आर्काइव्हिंग सुरू असेल, तर मागे पडलेली रेप्लिका तिथूनही वॉल घेऊ शकते.

सिंक्रोनस रेप्लिकेशनला, म्हणजे रेप्लिकेची पोच आल्यावरच कमिट (बदल पक्का करणं) पूर्ण होतं त्या पद्धतीला, किमान दोन रेप्लिका हव्यात आणि नावांच्या यादीआधी एनी 1, म्हणजे त्यांपैकी कोणत्याही एकीची पोच पुरते. एकाच रेप्लिकेचं नाव दिलं आणि ती पडली, की प्रत्येक कमिट अडकून राहतं.

स्लॉटची स्थिती दाखवणाऱ्या पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स या व्ह्यूमधल्या वॉल_स्टेटस रकान्यावर अलर्ट लावा. ‘अनरिझर्व्ड’ दिसलं, तर रेप्लिका वाचवायला अजून थोडा वेळ आहे. ‘लॉस्ट’ दिसलं, की तो स्लॉट कामाचा राहिला नाही.